कायद्याची मदत कुणी द्यायची? विधी सेवांच्या नियमनातील सुधारणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर रिकामं करण्याची नोटीस, जुन्या कर्जापोटी आलेलं समन्स, मुलांच्या ताब्याचा वाद, अडकलेली पेन्शन. अशा वेळी वकील परवडत नसेल तर माणसाने जायचं कुणाकडे? ओळखीतला एखादा जाणकार असेलही, पण ‘हा अर्ज कर, त्यात हा मुद्दा मांड’ एवढं सांगणंही काही देशांत त्याच्यासाठी गुन्हा ठरू शकतं. हे नियम बदलावेत का, कसे बदलावेत आणि जिथे बदलले तिथे पुढे काय झालं, याची उत्तरं या पानावर आहेत. काही ठिकाणी मी माझं मतही दिलं आहे. ते मत म्हणूनच वाचावं.

विधी सेवांचं नियमन म्हणजे नेमकं काय?

वकिलीची सनद कुणाला द्यायची, त्यासाठी किती शिक्षण लागेल, फी कशी घ्यायची, जाहिरात करायची की नाही, अशिलाचे पैसे कोणत्या खात्यात ठेवायचे, वकील चुकला तर कारवाई कुणी करायची, हे ठरवणारे सगळे नियम म्हणजे विधी सेवांचं नियमन. बहुतेक देशांत हे नियम वकिलांच्या संघटना, न्यायालयं किंवा दोघं मिळून ठरवतात.

सुधारणेच्या वादात त्यातले दोन नियम सतत येतात. पहिला, सनद नसलेल्याने कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. दुसरा, वकिलाने आपली फी वकील नसलेल्याशी वाटून घ्यायची नाही आणि फर्मच्या मालकीत बाहेरच्यांना भाग द्यायचा नाही. अमेरिकेत हा दुसरा नियम ‘नियम ५.४’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८३ मध्ये केलेल्या नमुना नियमांतला हा आकडा आहे. पहिला नियम मदत कुणी करायची ते ठरवतो, दुसरा त्या मदतीत पैसा कुणी घालायचा ते. चर्चेत दोघांची फार सरमिसळ होते, म्हणून ही विभागणी सुरुवातीलाच लक्षात ठेवलेली बरी.

अडचण खरंच एवढी मोठी आहे का?

आहे. वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्टच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ५१० कोटी लोकांची न्यायाची एखादी तरी गरज अपुरी राहिलेली आहे, आणि त्यातल्या १५० कोटी लोकांना समोर उभा असलेला दिवाणी, फौजदारी किंवा प्रशासकीय प्रश्न सोडवताच येत नाही. ही अडचण फक्त गरीब देशांची आहे असंही नाही. अमेरिकेतल्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनने २०२२ मध्ये अल्प उत्पन्न गटातल्या लोकांच्या दिवाणी अडचणी तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के अडचणींत पुरेशी मदत मिळाली नव्हती किंवा अजिबातच मिळाली नव्हती.

न्यायालयात बसून पाहिलं तर हे आकडे डोळ्यांसमोर घडतात. अमेरिकेतल्या राज्य न्यायालयांच्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दर चारपैकी तीन दिवाणी प्रकरणांत निदान एका बाजूला वकील नव्हता. वकील नसलेली ही बाजू बहुतेक वेळा भाडेकरूची असते, कर्जदाराची असते. घरमालक आणि वसुली कंपनी वकील घेऊन येतात. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सने २०२० मध्ये कर्जवसुलीच्या दाव्यांची पाहणी केली, तेव्हा जिथली आकडेवारी मिळाली तिथे ७० टक्क्यांहून अधिक दाव्यांचा निकाल एकतर्फी लागलेला होता. प्रतिवादी आलाच नाही, त्याने उत्तरही दिलं नाही, आणि निकाल झाला. त्यातली किती कर्जं मुदतबाह्य होती, रक्कम चुकीची किती ठिकाणी होती, माणूसच भलता होता असं किती वेळा झालं, हे कुणी तपासलंच नाही.

लोक वकिलाकडे जात नाहीत ते केवळ पैशांमुळे का?

पैसा हे मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. समाजशास्त्रज्ञ रेबेका सँडेफर यांनी अनेक वर्षं या विषयावर काम केलं आहे. त्यांच्या अभ्यासात वारंवार दिसलेली गोष्ट अशी की, बहुतेकांना आपली अडचण कायद्याची आहे हेच वाटत नाही. पगार बुडाला तर ते नशीब, घर गेलं तर आयुष्यात असं व्हायचंच. कायद्याने यावर काही उपाय असू शकतो हे त्यांच्या डोक्यात येत नाही, मग वकील स्वस्त झाला तरी ते त्याच्याकडे कशाला जातील?

म्हणून नुसती फी कमी करणाऱ्या सुधारणेवर माझा फारसा भरवसा नाही. लोक आपल्या अडचणी जिथे आधीच बोलून दाखवतात, म्हणजे दवाखाना, शाळा, ग्रंथालय, प्रार्थनास्थळ, कामगार संघटना, तिथल्या माणसांना थोडं कायद्याचं शिक्षण आणि बोलण्याची मुभा मिळाली तर अडचण वेळेत पकडता येते. आजच्या नियमांत नेमकी हीच माणसं गप्प बसवली जातात.

सरकारने मोफत विधी सहाय्यावर जास्त खर्च केला की झालं, नाही का?

खर्च वाढायलाच हवा, यात शंका नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये गिडियन खटल्यात गंभीर फौजदारी आरोप असलेल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. दिवाणी प्रकरणांत असा सर्वसाधारण हक्क तिथे आजही नाही. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये घराबाहेर काढल्या जाणाऱ्या अल्प उत्पन्न भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर होतं.

पण दोन अडचणी उरतातच. एक, अडचणींची संख्या इतकी प्रचंड आहे की प्रत्येकीसाठी सनदी वकील पुरवणं श्रीमंत देशांनाही जमलेलं नाही. दुसरी, मोफत मदतीच्या उत्पन्नमर्यादेत न बसणारा, पण वकिलाची तासाची फी न झेपणारा मोठा वर्ग मध्येच लटकतो.

उलट बाजूने एक इशाराही द्यायला हवा. इंग्लंड आणि वेल्सने २००७ मध्ये विधी सेवांची बाजारपेठ खुली करणारा कायदा केला आणि एप्रिल २०१३ पासून कौटुंबिक, घरभाडं, कर्ज, कल्याणकारी लाभ अशा बऱ्याच विषयांतलं सरकारी विधी सहाय्य कापलं. बाजारपेठ खुली होती, म्हणून ती पोकळी भरून निघाली असं झालं नाही. कौटुंबिक न्यायालयांत वकिलाविना उभे राहणारे पक्षकार वाढले. नियम सैल केले म्हणून अनुदान कापायला हरकत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याला हे उदाहरण दाखवावं.

पण हे नियम लोकांच्या संरक्षणासाठीच आहेत ना?

बऱ्याच अंशी हो. कायद्यातली चूक महाग पडते. मुदत हुकली तर दावाच जातो, चुकीच्या जबाबावर सही केली तर घर जातं. फसवणूकही खरीच होते. स्पॅनिश भाषक अनेक देशांत ‘नोतारिओ’ म्हणजे उच्चशिक्षित विधिज्ञ. अमेरिकेतला नोटरी मात्र फक्त सहीचा साक्षीदार असतो. या एका शब्दाच्या गैरसमजावर तिथे स्थलांतरितांना लुबाडणारे धंदे चालले आणि चुकीचे अर्ज भरले गेल्यामुळे लोकांना देश सोडावा लागला. अशा लोकांविरुद्ध कडक नियम हवेतच.

तरी नियमांचा इतिहास पूर्ण निर्मळ नाही. जर्मनीत १३ डिसेंबर १९३५ च्या कायद्याने परवानगीशिवाय कायद्याचा सल्ला देण्यावर बंदी आली. वकिलीतून आधीच हाकललेल्या ज्यू विधिज्ञांचा उरलासुरला रोजगारही बंद करणं हा त्यामागचा एक उघड हेतू होता. वंशाची कलमं युद्धानंतर गेली, पण बंदीचा सांगाडा राहिला आणि तो थेट २००८ मध्ये नव्या कायद्याने बदलला गेला. दोन पिढ्या लोकांनी त्या बंदीकडे ग्राहक संरक्षण म्हणून पाहिलं. अमेरिकेतही बिगरवकिलांच्या सल्ल्याविरुद्धच्या मोहिमांना जोर चढला तो १९३० च्या दशकातल्या मंदीत, जेव्हा वकिलांनाच काम मिळत नव्हतं.

मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. संरक्षणाचा विचार करताना आपण निष्णात वकील एका पारड्यात ठेवतो आणि कमी शिकलेला सहायक दुसऱ्या पारड्यात. ज्याच्याकडे वकील आहे त्याच्यासाठी ही तुलना ठीक आहे. समन्स हातात घेऊन रात्रभर जागणाऱ्याच्या पुढे ती दोन पारडी नसतातच. त्याच्यापुढे थोडीफार मदत असते किंवा काहीच नसतं. त्याला नियमाने वाचवलं कशापासून?

इंग्लंड आणि वेल्समध्ये नेमकं काय बदललं?

सर डेव्हिड क्लेमेंटी यांनी डिसेंबर २००४ मध्ये विधी सेवांच्या नियमनावर सरकारला अहवाल दिला आणि त्यातून लीगल सर्व्हिसेस ॲक्ट २००७ आला. नियामकांवर देखरेख करायला लीगल सर्व्हिसेस बोर्ड आलं आणि वकिलांच्या हिताचं प्रतिनिधित्व आणि वकिलांवरचं नियंत्रण ही दोन कामं वेगळी केली गेली. २०१० मध्ये तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल सुरू झाला. वकील नसलेल्यांनाही मालकीत भाग घेता येईल अशा फर्मना परवाने मिळू लागले. मार्च २०१२ मधल्या पहिल्या काही परवानाधारकांत एका सहकारी संस्थेची विधी सेवाही होती.

तिथली आणखी एक गोष्ट बाहेर कमी माहीत आहे. तिथे फक्त सहा कामं सनदधारकांसाठी राखीव आहेत. न्यायालयात बाजू मांडणं, दाव्याचं कामकाज चालवणं, मालमत्ता हस्तांतराचे ठरावीक दस्त, मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे अर्ज, नोटरीची कामं आणि शपथ देणं, एवढीच ती सहा कामं. बाकी साधा सल्ला कुणीही देऊ शकतं. इमिग्रेशनचा सल्ला मात्र वेगळ्या कायद्याने नोंदणीखाली आहे, कारण तिथे गंडवले जाणारे लोक फार असतात आणि चुकीची किंमत फार मोठी असते. जोखीम पाहून कुंपण घालण्याचा हा विचार मला पटतो.

फटीही राहिल्या. मृत्युपत्र लिहून देण्याचा व्यवसाय नियमनाखाली आणावा, अशी शिफारस लीगल सर्व्हिसेस बोर्डाने २०१३ मध्ये केली आणि सरकारने ती फेटाळली. मृत्युपत्रातली चूक उघड होते ती लिहिणारा गेल्यावर, तेव्हा ती दुरुस्त कोण करणार? दुसरीकडे डिसेंबर २०१८ पासून घर खरेदीविक्रीसारख्या ठरावीक कामांची फी संकेतस्थळावर जाहीर करणं सॉलिसिटर फर्मना बंधनकारक झालं. बदल साधाच आहे, पण फी विचारायलाच घाबरणाऱ्या माणसाला त्याने दार उघडून दिलं.

युटा आणि ॲरिझोना ही नावं सारखी का येतात?

कारण फर्मच्या मालकीचे नियम सैल करण्याचं धाडस अमेरिकेत या दोन राज्यांनी सर्वांत आधी केलं. युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ‘नियामक सँडबॉक्स’ सुरू केला. म्हणजे मर्यादित काळापुरती आणि देखरेखीखाली प्रयोगाची जागा. वकील नसलेल्यांची मालकी असलेल्या संस्था, सॉफ्टवेअर किंवा प्रशिक्षित बिगरवकील यांना अर्ज करून सेवा देता येते. त्या सेवेची जोखीम आधी ठरवली जाते आणि जोखीम जितकी जास्त तितके अहवाल जास्त द्यावे लागतात. दोन वर्षांचा प्रयोग नंतर सात वर्षांपर्यंत वाढवण्यात आला. सुरुवातीच्या वर्षांतल्या अहवालांत ग्राहकाचं नुकसान झाल्याची तक्रार काही हजार सेवांमागे एखादीच होती.

हा आकडा दिलासा देणारा आहे. पण आपलं नुकसान झालं हे कळलं तरच माणूस तक्रार करतो, हेही विसरू नये.

ॲरिझोनाने सँडबॉक्सच्या वाटेला न जाता १ जानेवारी २०२१ पासून नियम ५.४ पूर्णच काढून टाकला. बिगरवकिलांची मालकी असलेल्या फर्मना तिथे परवाना मिळतो आणि असे परवाने शंभरीपार गेले आहेत. त्याच वेळी ‘विधी पॅराप्रोफेशनल’ हा नवा परवाना सुरू झाला. कौटुंबिक, कमी रकमेची दिवाणी, तुरुंगवासाची शक्यता नसलेली किरकोळ फौजदारी आणि प्रशासकीय प्रकरणं हे लोक वकिलाच्या देखरेखीविना चालवू शकतात, न्यायालयात उभेही राहू शकतात.

मर्यादित सनद म्हणजे काय, आणि ती कुठे चालली, कुठे फसली?

संपूर्ण वकिली न शिकवता एका विषयापुरतं शिक्षण द्यायचं आणि त्या विषयापुरतीच सनद द्यायची. वैद्यकीय क्षेत्रात प्रशिक्षित परिचारिका काही आजारांवर स्वतः उपचार करतात, तसंच काहीसं.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००७ पासून पॅरालीगलना, म्हणजे वकील नसलेल्या पण कायद्याचं प्रशिक्षण घेतलेल्या सहायकांना, वकिलांचीच नियामक संस्था परवाना देते. लहान रकमेचे दावे, वाहतुकीचे दंड, घरमालक-भाडेकरू न्यायाधिकरण इथे ते स्वतंत्रपणे बाजू मांडतात. त्यांना विमा आवश्यक आहे, आचारसंहिता आहे, शिस्तभंगाची कारवाईही होते. हा व्यवसाय आता तिथे मुरला आहे. त्याशिवाय ती न्यायाधिकरणं चालतील कशी, असा प्रश्न पडावा इतका.

वॉशिंग्टन राज्याची गोष्ट वाचून मात्र वाईट वाटतं. २०१२ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा त्यांनी असा परवाना काढला आणि २०१५ मध्ये पहिले परवानाधारक आले. त्यांना फक्त कौटुंबिक कायद्यापुरतं काम करता येत होतं. सुरुवातीला तर कागद तयार करून द्यायचे, पण न्यायालयात अशिलासाठी बोलायचं नाही, अशी अट होती. प्रशिक्षण मात्र लांबलचक आणि खर्चिक. परिणामी परवानाधारकांची संख्या शंभरीही गाठू शकली नाही. जून २०२० मध्ये न्यायालयाने खर्च आणि कमी प्रतिसाद ही कारणं देऊन नवे परवाने बंद करण्याचा निर्णय घेतला, जुन्यांना काम चालू ठेवता आलं. रोपट्याला उन्हात ठेवायचं नाही आणि मग ते वाढत नाही म्हणून उपटून टाकायचं, असं ते झालं. वाट इतकी अरुंद असेल तर तिच्यावरून माणसं जाणारच नाहीत, हे आधीच दिसायला हवं होतं.

वकीलच नसलेल्या भागांचं काय?

मला या सगळ्या विषयातली सर्वांत आशादायक उदाहरणं इथेच दिसतात.

अलास्कात रस्तेही नसलेल्या दूरच्या वस्त्यांत डॉक्टर पोहोचत नाहीत, म्हणून वस्तीतल्याच लोकांना आरोग्य सहायक म्हणून तयार करण्याची पद्धत तिथे अनेक दशकं चालत आली आहे. तिथल्या विधी सहाय्य संस्थेने तोच नमुना उचलला आणि आदिवासी आरोग्य संघटनेच्या साथीने ‘सामुदायिक न्याय कार्यकर्ते’ तयार करायला सुरुवात केली. अन्नसहाय्याचा अर्ज महिनोन् महिने रखडला असेल तर सुनावणी मागणं, कागद जोडणं, पाठपुरावा करणं, अशी ती कामं. २०२२ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम बदलला आणि प्रशिक्षण घेऊन विधी सहाय्य संस्थेच्या देखरेखीखाली काम करणाऱ्यांना ठरावीक विषयांत कायद्याची मदत देण्याची मुभा दिली. वर्षानुवर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची अट नाही. वस्तीतला माणूस वस्तीतच राहतो, लोक त्याला ओळखतात, त्याच्या भाषेत बोलतात.

सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध संपलं तेव्हा देशातले बहुतेक वकील राजधानी फ्रीटाउनमध्ये होते. २००३ मध्ये सुरू झालेल्या टिमाप फॉर जस्टिस या संस्थेने गावागावांत पॅरालीगल तयार केले. औपचारिक कायदा आणि परंपरेचा कायदा असे दोन्ही जाणणारे हे लोक आधी मध्यस्थी करतात, प्रशासनाकडे पाठपुरावा करतात, आणि अगदीच अडलं तर पाठीशी असलेल्या मोजक्या वकिलांकडे प्रकरण नेतात. २०१२ च्या विधी सहाय्य कायद्याने पॅरालीगलना मान्यता दिली आणि प्रत्येक चीफडममध्ये, म्हणजे पारंपरिक प्रमुखाच्या प्रत्येक कार्यक्षेत्रात, निदान एक पॅरालीगल असावा अशी तरतूद केली. मलावीत २००० पासून पॅरालीगल तुरुंगांत जातात. खटल्याची वाट पाहत वर्षानुवर्षं अडकलेल्या कैद्यांना जामिनाचा अर्ज कसा करायचा हे ते शिकवतात, त्यासाठी नाट्यप्रयोगही वापरतात.

श्रीमंत देश ज्या वादात अजून अडकले आहेत, त्याचं उत्तर या देशांनी गरजेपोटी वीस वर्षांपूर्वीच शोधलं होतं. सुधारणेच्या चर्चांत त्यांचा उल्लेख इतका कमी का होतो, हे मला कळत नाही.

बाहेरच्या गुंतवणूकदारांना फर्मचे मालक होऊ द्यावं का?

इथे मी सावध आहे. बाजूने सांगितलं जातं की तंत्रज्ञान, ग्राहकसेवा, शाखा यांसाठी भांडवल लागतं आणि ते वकिलांच्या खिशातून उभं राहत नाही. यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २००१ मध्येच वकिली फर्मना कंपनी म्हणून नोंदणी करायला मुभा दिली. त्या बदल्यात फर्मने आपली अंतर्गत व्यवस्था तपासून नियामकाला कळवायची होती. हे आत्मपरीक्षण केल्यावर त्या फर्मविरुद्धच्या तक्रारी दोन तृतीयांशांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं. हा गुण मालकीचा नसून व्यवस्था तपासण्याच्या सक्तीचा होता, असं मला वाटतं.

दुसरी बाजू अशी. मे २००७ मध्ये स्लेटर अँड गॉर्डन ही जगात शेअर बाजारात नोंदलेली पहिली वकिली फर्म ठरली. २०१५ मध्ये तिने ब्रिटनमधला एक मोठा व्यवसाय विकत घेतला आणि पुढे तिचा शेअर कोसळला. ॲरिझोनातल्या नव्या फर्मपैकी बऱ्याच जणी अपघात आणि सामूहिक नुकसानभरपाईच्या दाव्यांत आहेत, कारण तिथे पैसा आहे. घर जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या भाडेकरूकडे भांडवल आपणहून वळत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १९ डिसेंबर २०२४ रोजी जर्मनीची भूमिका मान्य केली. निव्वळ आर्थिक गुंतवणूकदारांना वकिली फर्ममध्ये भाग घेण्यास मनाई करणं देशांना शक्य आहे, कारण वकिलाचं स्वातंत्र्य जपणं हे रास्त कारण आहे, असं ते म्हणालं.

मालकी खुली करायची असेलच, तर अल्प उत्पन्न लोकांना किती आणि कोणती सेवा दिली याचा हिशेब परवान्याच्या अटीतच हवा. आणि गुंतवणूकदारांचा प्रश्न सुटेपर्यंत सामुदायिक कार्यकर्त्यांना थांबवून ठेवण्याचं काहीच कारण नाही. पहिल्याच उत्तरात केलेली विभागणी इथे कामी येते.

कृत्रिम बुद्धिमत्ता हा प्रश्न सोडवेल का?

काही प्रमाणात, आणि जबाबदारी कुणाची हे ठरलेलं असेल तर. ‘रोबो वकील’ म्हणून जाहिरात करणाऱ्या डूनॉटपे या कंपनीवर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये कारवाई केली. आपली सेवा खऱ्या वकिलाच्या तोडीची आहे याची चाचणीच कंपनीने घेतली नव्हती, असा आक्षेप होता. कंपनीने १,९३,००० डॉलर देऊन तडजोड केली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सनदी वकिलांनीच चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या सॉलिसिटर नियामकाने २०२५ मध्ये गारफील्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या फर्मला मान्यता दिली. १०,००० पाउंडांपर्यंतची थकबाकी वसूल करण्याची कागदपत्रं ती तयार करते, आणि चूक झाली तर उत्तर द्यायला विमा असलेले सनदी सॉलिसिटर मागे उभे असतात. एक गोष्ट मात्र लक्षात येते. सोय पहिल्यांदा पोहोचली ती येणेकऱ्याकडे. ज्याच्यावर दावा होतो त्याच्या हातात तेवढंच चांगलं साधन आलं नाही, तर एकतर्फी निकालांची रास वाढेल.

प्रक्रियाच सोपी केली तर वकील लागणारच नाही, असं होऊ शकतं?

बऱ्याच लहान वादांत होऊ शकतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१६ मध्ये सिव्हिल रिझोल्युशन ट्रिब्युनल हे दिवाणी वादांचं न्यायाधिकरण सुरू केलं. आधी सहनिवासातल्या मालमत्तेचे वाद आणि २०१७ पासून ५,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे जातात. साध्या भाषेत प्रश्न विचारत जाणारं एक मोफत साधन आधी तुमची अडचण नेमकी काय आहे ते समजावून देतं, मग वाटाघाट, मग मध्यस्थ आणि शेवटी निर्णय. सगळं बहुतांशी ऑनलाइन. अनेक प्रकारच्या वादांत दोन्ही बाजूंनी वकिलाविनाच यावं अशी अपेक्षा असते, त्यामुळे पारडं सुरुवातीलाच एका बाजूला झुकत नाही.

नेदरलँड्समध्ये रेख्टवाइझर हे घटस्फोटासाठीचं ऑनलाइन व्यासपीठ जगभर नावाजलं गेलं आणि तरी २०१७ मध्ये बंद पडलं. न्यायालयाच्या रोजच्या कामकाजात न मिसळता बाजूला उभी केलेली व्यवस्था किती दिवस तग धरणार?

वकिलांच्या पोटावर पाय येणार नाही का?

फारसा नाही. ज्या अडचणी आज कुणाकडेच जात नाहीत, त्यातून वकिलांना आजही काही मिळत नाही.

या सुधारणा अडतात कुठे?

नियम बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यावर त्या बदलाचा परिणाम होणार असतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अंतिम अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे असतो, म्हणून युटा आणि ॲरिझोनात न्यायमूर्तींनी पुढाकार घेतला तेव्हाच काम झालं. कॅलिफोर्नियात सँडबॉक्स आणि पॅरालीगल परवान्याचा विचार सुरू होता, पण २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून बारचे, म्हणजे तिथल्या वकिलांच्या नियामक संस्थेचे, हात बांधले. अमेरिकन बार असोसिएशनने २०२० मध्ये राज्यांना नवे प्रयोग करायला प्रोत्साहन दिलं आणि २०२२ मध्ये फी-वाटणीवरच्या बंदीचा पुन्हा पुरस्कार केला. विरोध करणारे सगळे स्वार्थी असतात असं मी म्हणणार नाही. अनेकांना अशिलाचं गुपित आणि वकिलाची निष्ठा यांची खरी काळजी असते. पण ज्यांना मदतच मिळत नाही, त्यांचा माणूस या बैठकांत क्वचितच बसलेला असतो. नियामक मंडळावर भाडेकरू, कर्जदार, स्थलांतरित कामगार यांचे प्रतिनिधी मतदानाच्या हक्कासह असावेत, ही माझी पहिली मागणी राहील.

वकील नसलेल्या सहायकाकडून मदत घेताना काय पाहावं?

परवाना किंवा मान्यता कुणी दिली आहे ते विचारा आणि शक्य असेल तर त्या नियामकाच्या यादीत नाव तपासा. ‘कोणती कामं तुम्ही करू शकत नाही?’ हा प्रश्न आवर्जून विचारा. चांगल्या सहायकाला आपली हद्द नीट माहीत असते आणि ती सांगायला तो कचरत नाही. प्रकरण हाताबाहेर गेलं तर ते कोणत्या वकिलाकडे सोपवणार, हेही आधीच विचारून ठेवा. विमा आहे का, तक्रार कुठे करायची आणि तुम्ही सांगितलेली माहिती गुप्त राहील का, हे लेखी घ्या. वकिलाला सांगितलेलं गुपित कायद्याने जसं सुरक्षित असतं, तसं सहायकाला सांगितलेलं प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. फौजदारी आरोप असेल तर हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तिथे आधी वकील गाठा.

निकालाची हमी देणाऱ्याकडून उठून या. कोऱ्या कागदावर सही करू नका. मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रत द्या. आणि समन्स आलेलं असेल तर मदत मिळेपर्यंत थांबू नका. त्यावरची उत्तराची शेवटची तारीख आजच शोधून लिहून ठेवा, आणि त्या तारखेच्या आत न्यायालयाच्या कार्यालयात जाऊन मुदतवाढीचा अर्ज कसा करायचा ते विचारा. हे विचारायला कुठेही वकील लागत नाही.